एकास पस्तीस प्रमाणाची मालमोटार
(नभोवाणीवरील भाषण)

माझ्या आजच्या विषयाचें नांव ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांना हसूं आलें असेल. आणि त्याबद्दल माझी मुळींच तक्रार नाहीं. ज्याचें सारें आयुष्य शाळेंत गणित आणि भूमिति शिकविण्यांत गेलें, त्या साठी उलटलेल्या माणसानें प्लास्टिकच्या तुकड्यांची मालमोटार जोडीत बसावें, हा प्रकार प्रथमदर्शनीं पोरकटच वाटावयाचा. मलाही तो तसाच वाटत होता. परंतु गेल्या पावसाळ्यांत दोन महिने हें काम केल्यावर माझें मत पालटलें, आणि तें कसें पालटलें हें सांगण्यासाठींच मी आज या ध्वनिग्राहकासमोर बसलों आहें.

माझ्या नातवाच्या मामानें परदेशाहून येतांना त्याच्यासाठीं एक खोका आणला. खोक्यावरचें चित्र मोठें झोकदार होतें. चिखलाच्या रस्त्यानें सामान भरलेली एक लष्करी मालमोटार चालली आहे, असा तो देखावा. आंत मात्र मोटार नव्हती! हिरवट प्लास्टिकच्या कांहीं चौकटी होत्या, आणि झाडाला फळें लटकावींत तसे त्यांना शेंकडों बारीकसारीक भाग लटकलेले होते. खिडक्यांच्या कांचांसाठीं एक पारदर्शक चौकट, पाण्यांत भिजवून उतरवावयाच्या चित्रांचा एक कागद, आणि शब्दांपेक्षां आकृत्यांनींच बोलणारी एक पुस्तिका, एवढा त्याचा संसार. नातवानें तें सर्व उलटसुलट करून पाहिलें, खोका बंद केला आणि कपाटावर ठेवून दिला. "हल्लींच्या मुलांना आयत्या वस्तूची संवय," असें मीं सूनबाईला ऐकूं जाईल अशा बेतानें म्हटलें. हें माझें वाक्य आपण कृपा करून लक्षांत ठेवावें. पुढें तें माझ्याच अंगावर येणार आहे.

खोक्यावर १/३५ असा अपूर्णांक छापलेला होता, आणि अपूर्णांक दिसला कीं जुन्या मास्तराचा हात आपोआप खडूकडे जातो. खरी मोटार पावणेसात मीटरांहून थोडी अधिक लांब. तिची प्रतिकृति भरते साडेएकोणीस सेंटिमीटर. येथवर हिशेब सोपा आहे. पण लांबी पस्तिसावा हिस्सा झाली म्हणजे पृष्ठभाग होतो १,२२५ वा हिस्सा, आणि आकारमान होतें ४२,८७५ वा हिस्सा. खरी मोटार रिकामी असतां सुमारें चार टन भरते. त्याच धातूंची आणि त्याच प्रमाणांत प्रतिकृति घडविली, तर ती शंभर ग्रॅमदेखील भरणार नाहीं. जाडीची गंमत तर याहून मोठी आहे. मडगार्डाचा पत्रा एक-दीड मिलीमीटर जाडीचा असतो. त्याचा पस्तिसावा भाग म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. इतकें पातळ प्लास्टिक सांच्यांतून काढतां येत नाहीं; म्हणून तें चांगलें एक मिलीमीटर जाड ठेवतात. खऱ्या मोटारीच्या हिशेबानें हें साडेतीन सेंटिमीटर जाडीचें चिलखतच झालें! म्हणून कसलेले कारागीर त्या मडगार्डाची फक्त कड आंतल्या अंगानें घांसून पातळ करतात. पाहणाराचा डोळा वस्तूची जाडी कडेवरूनच ओळखतो, आणि कड पातळ दिसली कीं सारा पत्रा पातळ आहे असें मानून चालतो.

पस्तीस हाच आंकडा कां, हें कोडें मला बरेच दिवस सुटेना. इतर प्रमाणें इंग्रजी फूट-इंचांतून निघालेलीं आहेत. फुटाला अर्धा इंच धरला कीं १/२४, फुटाला पाव इंच धरला कीं १/४८, आणि सहा फुटांचा माणूस एक इंचाचा केला कीं १/७२. पस्तीस मात्र या हिशेबांत कोठेंच बसत नाहीं. त्याचा उगम जपानांतील शिझुओका शहरीं आहे. तेथील तामिया कंपनीचा आरंभ १९४६ सालीं लांकडाच्या व्यवसायानें झाला. ती लांकडाच्या प्रतिकृति करी. पण प्लास्टिकपुढें लांकडाचा निभाव लागेना, तेव्हां १९६० सालीं तिनें 'यामातो' या युद्धनौकेची पहिली प्लास्टिकची प्रतिकृति काढली. पुढें १९६१-६२ च्या सुमारास 'पँथर' हा जर्मन रणगाडा काढावयाचा ठरला. तो विजेच्या लहान मोटरीवर चालावयाचा होता; म्हणून पोटांत मोटर आणि घटमाळा मावतील एवढा त्याचा आकार धरला. मागाहून मोजून पाहतां तें प्रमाण जवळजवळ एकास पस्तीस भरलें! पुढें तोच पायंडा पडला, आणि आज जगभर लष्करी वाहनांच्या प्रतिकृति याच प्रमाणांत निघतात. जगांतील कित्येक नियम असेच कोणाच्या तरी सोयींतून निघून शास्त्र म्हणून मिरवत असतात.

ही विद्या जपान्यांनीं जन्मास घातली असें मात्र नव्हे. इंग्लंडांत 'फ्रॉग' या छापाखालीं 'पेंग्विन' नांवाचे विमानांचे जोडसंच १९३६ सालींच निघाले होते. त्यांचें द्रव्य सेल्युलोज ॲसिटेट. तें कालांतरानें वांकडें होई. महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन आलें आणि ती अडचण दूर झाली. एअरफिक्स या इंग्रजी कंपनीनें १९४९ सालीं फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृति काढली, ती मुलांसाठीं नव्हे. ट्रॅक्टर विकणाऱ्या माणसांनीं गिऱ्हाइकांना दाखवावी म्हणून. पॉलिस्टायरीनचे दाणे तापवून पातळ करावयाचे, आणि तो रस मोठ्या दाबाखालीं पोलादी सांच्यांत दाबून भरावयाचा, अशी ही कृति. थंड झालेला भाग सांच्यांतून ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे वाटोळे ठसे आणि सांच्याच्या दोन अर्धांच्या सांध्याची बारीक रेघ प्रत्येक भागावर राहते. तीं जन्मखूण समजून सोडून द्यावयाचीं नसतात. घांसून नाहींशीं करावयाचीं असतात.

आतां ही मोटार कोणती, तें सांगतों. अमेरिकेंतील जी.एम.सी. कंपनीची ही अडीच टनी, दहा चाकांची मालमोटार. तिचें नांव 'सीसीकेडब्ल्यू'. हीं अक्षरें म्हणजे एक छोटें कोष्टकच आहे. पहिला 'सी' म्हणजे १९४१ सालची रचना, दुसरा 'सी' म्हणजे नेहमीच्या घडणीची केबिन, 'के' म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर, आणि 'डब्ल्यू' म्हणजे मागें जोर मिळणारे दोन आंस. अशा पांच लाखांहून अधिक मोटारी युद्धकाळांत तयार झाल्या.

१९४४ च्या उन्हाळ्यांत दोस्त सैन्यें नॉर्मंडींत उतरून फ्रान्समध्यें वेगानें पुढें सरकलीं. पण फ्रान्सचे लोहमार्ग दोस्तांच्याच विमानांनीं आधीं उद्ध्वस्त केले होते. सैन्य पुढें आणि दारूगोळा, पेट्रोल, अन्न मागें बंदरावर, अशी स्थिति आली. तेव्हां २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सुमारें त्र्यायशीं दिवस, 'रेड बॉल एक्स्प्रेस' नांवाची मोटारींची अखंड वाहतूक चालली. जाण्याचा रस्ता एक, येण्याचा दुसरा; दोहोंवरही नागरिकांना मज्जाव. रात्रंदिवस मोटारी धांवत आणि ड्रायव्हर आळीपाळीनें झोंप घेत. चार लाख टनांहून अधिक सामान त्यांनीं पोंचविलें. या ड्रायव्हरांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्यांच्या पलटणी गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या असत, आणि त्यांतील बहुतेकांना लढाईच्या कामावर घेत नसत. पण लढणारांच्या तोंडीं घांस घालण्याचें काम त्यांच्याच हातीं होतें. हीच मोटार आपल्या आसामांतील लेडोपासून निघणाऱ्या रस्त्यावरही धांवली आहे; त्या रस्त्यानें पहिला तांडा १९४५ च्या फेब्रुवारींत चीनमधील कुनमिंगला पोंचला. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींचीं नांवें असतात. मालमोटार चालविणाराचें नांव सहसा नसतें. नातवाला हें सांगतांना मला जाणवलें कीं, मींही आपल्या वर्गांत तें कधीं सांगितलें नव्हतें.

असो. आषाढांत पावसानें चार दिवस ठाण मांडलें, शाळेला सुट्टी पडली, आणि मींच कपाटावरचा खोका खालीं काढला. हत्यारें म्हटलीं तर साधीं: बारीक टोंकाची कापणी, धारदार पातें, एक कानस, तीन-चार नंबरांचे पॉलिश-पेपर, आणि भाग आवळून धरण्यासाठीं सूनबाईचे कपडे वाळविण्याचे चिमटे. प्रथम सर्व चौकटी साबणाच्या कोमट पाण्यांत धुवून घ्याव्या, कारण सांच्याचा तेलकटपणा अंगावर राहिला तर रंग धरत नाहीं. भाग चौकटींतून पिळून तोडूं नये. थोडा देंठ ठेवून कापावा, मग देंठ पात्यानें तासावा, मग घांसावा. हें तीन पायऱ्यांचें काम एका पायरींत उरकूं गेल्यास भागाच्या कडेचा टवका उडतो, आणि तेथें लांबी भरीत बसावें लागतें.

चिकटविण्याच्या बाबतींत एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. यासाठीं वापरावयाचा पातळ द्रव हा आपल्या नेहमीच्या अर्थानें गोंद नव्हेच. तो प्लास्टिकला क्षणभर विरघळवितो. दोन भाग एकमेकांस लावून धरावे आणि कुंचल्याचें टोंक सांध्याला टेंकवावें. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसा तो द्रव फटींतून आपोआप धांवतो, दोन्ही कडा विरघळतात, एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला कीं एकजीव होतात. लोहार लोखंडाला डाग देतो, तसाच हा प्रकार. म्हणून या कामांत विचार आधीं करावा लागतो. एकदां सांधा धरला कीं तेथें दोन वस्तु उरतच नाहींत.

याच ठिकाणीं माझी फजिती झाली. मोटारीचा पाया म्हणजे तिचा सांगाडा, ज्याला गॅरेजवाले 'चासी' म्हणतात. दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे, त्यांखालीं पाटे आणि पाट्यांना धरून तीन आंस. मागच्या दोन्ही आंसांचा भार दोन्ही बाजूंच्या एकेका पाट्यावर असतो; पाटा मध्यभागीं टेंकलेला आणि त्याचीं दोन टोंकें दोन आंसांवर. पाटा तराजूच्या दांडीसारखा समतोल बसला तरच चारी बाजूंचीं चाकें जमिनीला लागतात. नियम असा कीं, द्रव लावण्यापूर्वीं सारें कोरडेंच जुळवून सपाट कांचेवर ठेवून पाहावें. मीं तें केलें नाहीं. आयुष्यभर काटकोन काढलेल्या माणसाला कांच कशाला हवी? "बघ, कसें बिनचूक बसलें आहे!" असें नातवाला सांगून मीं कुंचला टेंकविला.

आठ दिवसांनीं चाकें बसविलीं आणि मोटार टेबलाच्या कांचेवर उभी केली, तों मागचीं डावीं चाकें अधांतरीं! त्यांखालून एक पोस्टकार्ड सहज आरपार जाई. "सांचाच वांकडा असला पाहिजे," मी म्हणालों. नातू कांहीं बोलला नाहीं. त्यानें सांगाडा उलटा केला, दिव्याखालीं धरला आणि डाव्या पाट्याच्या मध्यावर बोट ठेवलें. पाट्याची खुंटी खांचेंत पुरती उतरलीच नव्हती. पाटा केसभर तिरका होता.

"तुला हें केव्हां दिसलं?" मीं विचारलें.

"तुम्ही चिकटवत होतात तेव्हांच."

"मग बोलला कां नाहींस?"

तो थोडा घुटमळला. "तुम्ही म्हणालात ना आजोबा, बिनचूक बसलंय म्हणून. मला वाटलं, तुम्ही रागवाल."

श्रोतेहो, आमच्या शाळेंत माझ्या वर्गाची मोठी ख्याति होती. मास्तर फळ्यावर उदाहरण सोडवीत असतां टांचणी पडली तरी ऐकूं यावी, अशी शांतता! तपासनीस येत ते तिची वाखाणणी करीत. कोणी शंका विचारीत नाहीं, म्हणजे सर्वांना समजलें आहे, असें मी इतकीं वर्षें धरून चाललों. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. माझ्या हातून फळ्यावर चूक कधींच झाली नसेल काय? झालीच असेल. पहिल्या बांकावर बसून ती पाहणारीं, आणि पाहून खालीं मान घालणारीं मुलें किती असतील? त्यांतील कांहीं आज स्वतः बाप झालीं असतील. आणि घरीं मुलांपुढें तीच शांतता राखीत असतील.

दुसऱ्या दिवशीं मीं एक तोड काढली. प्रतिकृति खालीं चिखलाची जमीन करून तिच्यावर ठेवतां येते. चाकांखालीं थोडा उंचवटा केला कीं दोष झांकला जातो, आणि कोणास कळतही नाहीं. नातू लगेच म्हणाला, "हो आजोबा, तसंच करूं." तें इतक्या लगेच म्हणाला कीं मला तो स्वर ओळखीचा वाटला. माझ्या वर्गांतला 'हो गुरुजी' हाच! मीं विचारलें, "मला काय वाटतं तें सोड, तुला काय करावंसं वाटतं?" बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "कापून पुन्हां लावावंसं वाटतं. पण मोडेल."

"मोडूं दे," मी म्हणालों, आणि बारीक करवत त्याच्या हातीं दिली. माझा हात हल्लीं थोडा कांपतो, हें एक कारण. दुसरें कारण आपल्या ध्यानांत आलेंच असेल.

एकजीव झालेला सांधा कापणें हें नवा सांधा करण्याच्या दसपट कठीण. आंसाला जोडणाऱ्या दांड्या सोडवावयाच्या, मग पाटा. अर्ध्यावर आल्यावर पाट्याचें एक टोंक तुटलेंच. तो माझ्याकडे पाहूं लागला. मी गप्प बसलों. आयुष्यांत प्रथमच योग्य वेळीं गप्प बसलों असें म्हणावयास हरकत नाहीं. मग आम्हीं दोघांनीं मिळून इलाज केला. चौकटीचा निरुपयोगी दांडा मेणबत्तीच्या ज्योतीवर दुरून फिरवीत मऊ केला आणि दोन्हीकडून ओढला, म्हणजे त्याची सुतासारखी तार निघते. ती तार तुटलेल्या जागीं आधाराला बसविली, वर लांबी भरली, वाळल्यावर घांसली. या खेपेस सारें कोरडें जुळवून कांचेवर ठेवलें, डोळा कांचेच्या पातळींत आणून पाहिलें, आणि तो "आतां लावा" म्हणाल्यावरच मीं कुंचला टेंकविला. वरून दोन जुनीं वजनें ठेवून एक दिवस हात लावला नाहीं. सकाळीं पोस्टकार्ड घालून पाहिलें. तें कोणत्याही चाकाखालून जाईना.

रंगाचें थोडक्यांत सांगतों. आधीं अस्तराचा हात द्यावा; त्यानें राहिलेले ओरखडे उघडे पडतात. मग मुख्य रंगाचे पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर दुसरा. जाड हात एकदांच दिला तर बारीक खिळे आणि रेघा त्याखालीं बुजतात. रंग खऱ्या मोटारीच्या रंगाहून किंचित फिका घ्यावा. लहान वस्तूवर गडद रंग आणखीच गडद भासतो. पांढरा तारा उतरविण्यापूर्वीं तेथें चकचकीत वार्निशाचा हात द्यावा, नाहीं तर चित्राखालीं हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. समोरच्या कांचा झटपट चिकटणाऱ्या गोंदानें कधींही लावूं नयेत. त्याच्या वाफेनें कांच धुरकट होते. तेथें साधा पांढरा गोंदच उत्तम. शेवटीं घरांत उरलेले तपकिरी आणि पिवळे खडू किसून आम्हीं त्यांची भुकटी चाकांवर आणि मडगार्डांखालीं कुंचल्यानें बसविली. फ्रान्सच्या रस्त्यांची धूळ आमच्या शाळेच्या खडूंनीं पुरविली!

या साऱ्या कामांत मला पुनःपुन्हां एक शब्द ऐकूं येऊं लागला: "आजोबा, थांबा." तारा उलटा बसत होता तेव्हां, आरशाचा दांडा उजव्याऐवजीं डाव्या बाजूस लावूं लागलों तेव्हां, आणि एकदां तर माझी कांहीं चूक नसतांनाही. एके दिवशीं मीं त्याला सहज विचारलें, "पहिल्या दिवशीं खोका बंद कां केलास रे?" तो म्हणाला, "मला करायचंच होतं. पण एवढे भाग पाहून वाटलं, बिघडलं तर सगळे म्हणतील, एवढी महाग वस्तु वाया घालवली." आयत्या वस्तूची संवय नव्हे, श्रोतेहो, चुकण्याची भीति. आणि ती भीति त्यानें कोठून घेतली, याचा शोध करावयास मला घराबाहेर जाण्याचें कारण नव्हतें.

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं असा एखादा खोका कपाटावर पडून असेल, त्यांनीं तो या सुट्टींत खालीं काढावा, अशी माझी विनंति आहे. मालमोटारच हवी असें नाहीं; विमान चालेल, आगगाडी चालेल. मुलाबरोबर बसावें, आणि पहिली चूक शक्य तर आपणच करावी. माझ्याप्रमाणें ती आपोआप घडली तर उत्तमच.

आमची मोटार आतां बैठकींतल्या फळीवर उभी आहे. कोणी पाहुणा आला कीं नातू ती हातांत घेतो, आणि इंजिन किंवा तारा न दाखवितां आधीं उलटी करून डावा पाटा दाखवितो. तेथें लांबीचा एक बारीक वण अजून दिसतो. "इथं आजोबांचं चुकलं होतं आणि मग मी मोडलं," असें तो सांगतो. आणि मी शेजारींच बसलेला असतों.